चेहरा सारखा, कूळ कोणतं? युरोपीय भाषांतले जुळे शब्द ओळखायला कसं शिकायचं

इटलीतल्या दुकानात लोण्याच्या पाकिटावर 'बुर्रो' असं छापलेलं असतं. हाच शब्द, अगदी त्याच पाच रोमन अक्षरांत, स्पेनमध्ये लिहिला की त्याचा अर्थ होतो गाढव. दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी, शेजारीशेजारी वाढलेल्या. मग लोण्याचं गाढव झालं कसं?

तसं झालंच नाही. इटालियन 'बुर्रो' जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे तो लॅटिन 'बुटिरुम'वरून आला, आणि त्याच्याही मागे ग्रीक 'बूटुरोन' आहे. त्यातला 'बूस' म्हणजे गाय, आपल्या 'गो'चा सख्खा भाऊ; आणि 'टुरोस' म्हणजे चीज. स्पॅनिश 'बुर्रो'च्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'बुर्रिकुस' आहे, म्हणजे लहानखुरं तट्टू. दोन वेगळे दगड नदीत झिजत झिजत एकाच आकाराचे व्हावेत, तसं हे झालं.

जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्यांना असे शब्द पावलोपावली भेटतात. मी जर्मनपासून सुरुवात केली, मग स्पॅनिश आणि थोडं इटालियन शिकले, आणि पहिल्या दिवसापासून शब्दांची एक वही ठेवली. त्या वहीतून जी पद्धत हळूहळू हाताला बसली ती इथे सांगते. मराठी माणसाला या कामात मोठा फायदा आहे: संस्कृत शब्द आपल्या तोंडात आहेत, आणि शिवाय पोर्तुगीजांनी आपल्या स्वयंपाकघरात बरंच काही ठेवून दिलं आहे.

पहिली पायरी: शब्दाला आधी तीनपैकी एका घरात बसवा

दोन भाषांतले दोन शब्द सारखे दिसले तर शक्यता तीनच. एक, दोन्ही एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, म्हणजे सगोत्र. दोन, एका भाषेने दुसरीकडून (किंवा दोघींनी तिसरीकडून) शब्द उसना घेतला आहे. तीन, निव्वळ योगायोग. अर्थ जुळतो की नाही हा प्रश्न यानंतरचा. सगोत्र शब्दांचे अर्थ कधी पार उलटे होतात आणि योगायोगाने सारखे झालेल्या शब्दांचे अर्थ कधी तंतोतंत जुळतात. म्हणून अर्थावरून नातं ठरवायचं नाही. ही एक सवय लागली तरी निम्म्या चुका टळतात.

दुसरी पायरी: जुनं रूप मिळाल्याशिवाय मत बनवू नका

वहीत प्रत्येक शब्दापुढे इतकं लिहा: भाषा, आजचा अर्थ, मिळेल तितकं जुनं रूप, तेव्हाचा अर्थ. आजची रूपं एकमेकांशी ताडून पाहू नका; जुनी ताडा.

हे एका त्रिकुटावर करून पाहू. स्पॅनिश 'सालिर' म्हणजे बाहेर पडणं. इटालियन 'सालिरे' म्हणजे वर चढणं. फ्रेंच 'सालीर' म्हणजे मळवणं, घाण करणं. स्पॅनिश आणि इटालियन शब्दांच्या मागे गेलं की लॅटिन 'सालिरे' सापडतं, अर्थ 'उडी मारणं'. एकाने उडी बाहेर मारली, दुसऱ्याने वर. नातं पक्कं आहे. फ्रेंच 'सालीर' मात्र 'साल' म्हणजे 'मळकट' या विशेषणावरून झाला आहे, आणि ते विशेषण लॅटिनचं नाहीच. ते फ्रँक लोकांच्या जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, बोलीतून फ्रेंचमध्ये आलं. फ्रेंच ही लॅटिनची लेक म्हणून तिचा प्रत्येक शब्द लॅटिन, असं धरून चाललात तर इथे हमखास फसाल.

तिसरी पायरी: साम्य शोधू नका, नियमित फरक शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. सगोत्र शब्द सारखे दिसलेच पाहिजेत असं नाही. ते *नियमाने वेगळे* दिसतात, आणि तोच त्यांचा पुरावा.

आपल्या घरातली 'चावी' घ्या. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा शब्द आज लिस्बनमध्ये 'शाव्ह' असा काहीसा ऐकू येतो, पण ते गोव्यात आले तेव्हा तिथे 'श' नव्हता, 'च' होता. पोर्तुगालमध्ये पुढे उच्चार बदलला आणि आपल्याकडे जुना तसाच राहिला. या शब्दाचा पूर्वज लॅटिन 'क्लाविस'. आता त्याच पूर्वजाची बाकीची लेकरं पाहा: स्पॅनिश 'यावे', इटालियन 'कियावे', फ्रेंच 'क्ले'. नुसत्या चेहऱ्यावरून 'यावे' आणि 'क्ले' भावंडं आहेत असं कुणी म्हणणार नाही.

पण हा फरक एका शब्दापुरता नाही. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'क्ल', 'प्ल' किंवा 'फ्ल' आला की पुष्कळदा हेच घडतं. पाऊस, लॅटिन 'प्लुविया': पोर्तुगीज 'शूव्हा', स्पॅनिश 'युविया', इटालियन 'पियोज्जा', फ्रेंच 'प्लुई'. ज्वाळा, लॅटिन 'फ्लाम्मा': 'शामा', 'यामा', 'फियाम्मा', 'फ्लाम'. भरलेला, लॅटिन 'प्लेनुस': 'शेयू', 'येनो', 'पियेनो', 'प्लॅं'. चारही ओळींत पोर्तुगीज 'श', स्पॅनिश 'य', इटालियनमध्ये 'ल'च्या जागी 'इ'कार, आणि फ्रेंचमध्ये मूळ जोडाक्षर शाबूत. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक शब्द सांगितला की बाकीचे तीन कसे असतील याचा अंदाज बांधता यायला लागतो, आणि तो खरा ठरला की फार आनंद होतो.

'प्लेनुस' पाहून 'पूर्ण' आठवलं असेल तर बरोबर आठवलं. धातू एकच आहे. इंग्रजी 'फुल'ही त्याच घरचा आहे. आणि 'प'चा 'फ' कसा झाला हे पाहायला लागलो की आपण लॅटिनच्या घरातून जर्मॅनिक घरात शिरतो.

तिथला मुख्य नियम डॅनिश अभ्यासक रास्मुस रास्क यांनी १८१८ साली छापलेल्या निबंधात दाखवला होता, आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी तो नीट सूत्रात बांधला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरले ते हे ग्रिम. नियम असा: मूळचा 'प' जर्मॅनिक भाषांत 'फ' होतो, 'त'चा 'थ' होतो, 'क'चा 'ह' होतो, 'द'चा 'ट' होतो. संस्कृत आणि लॅटिनने 'प', 'त', 'द' जपले, म्हणून आपल्याला ताळा करणं सोपं जातं. पितृ, लॅटिन 'पाटेर', इंग्रजी 'फादर'. त्रि, 'ट्रेस', 'थ्री'. दश, 'देकेम', 'टेन'. दंत, लॅटिन 'देंत-', 'टूथ'. 'क'च्या जागी संस्कृतात बहुतेकदा 'श' दिसतो: शत, 'केंटुम', 'हंड्रेड'. जर्मन भाषेने यावर आणखी एक फेरा घेतला, म्हणून इंग्रजी 'टेन'चं जर्मन 'त्सेन' होतं, 'वॉटर'चं 'वासर', 'ॲपल'चं 'आप्फेल', 'मेक'चं 'माखेन'.

आता या नियमाची ताकद पाहा. जर्मन 'हाबेन' म्हणजे जवळ असणं. लॅटिन 'हाबेरे' म्हणजेही जवळ असणं. ध्वनी तेच, अर्थ तोच. मीही वहीत दोघांना एकाच ओळीत लिहिलं होतं. माझ्या शिक्षिकेने त्यावर काट मारली आणि एकच प्रश्न विचारला: "लॅटिनमध्ये 'ह' असेल तर जर्मनमध्ये काय यायला हवं?" त्या रात्री मी जोड्या काढत बसले. लॅटिन 'होस्तिस' म्हणजे परका, शत्रू; जर्मन 'गास्ट' म्हणजे पाहुणा. लॅटिन 'होर्तुस', जर्मन 'गार्टेन', दोन्ही बाग. म्हणजे लॅटिन 'ह'समोर जर्मनमध्ये 'ग' येतो. आणि जर्मन 'ह'समोर लॅटिनमध्ये 'क' येतो. त्या हिशेबाने 'हाबेन'चा खरा लॅटिन भाऊ 'कापेरे', म्हणजे पकडणं, हातात धरणं. आणि 'हाबेरे'चं नातं बहुधा जर्मन 'गेबेन'शी, म्हणजे देण्याशी आहे. सगळ्यात सारखे दिसणारे दोघे परके निघाले. तेव्हापासून दोन लांबच्या भाषांत शब्द *फारच* सारखा दिसला की मी आधी थांबते.

पण 'कापेरे'मध्ये 'प' आणि 'हाबेन'मध्ये 'ब' का? 'फ' का नाही? अशा अपवादांनी अभ्यासकांना पन्नासेक वर्षं छळलं. १८७५ च्या सुमारास कार्ल व्हर्नर या डॅनिश विद्वानाने ते सोडवलं, आणि किल्ली सापडली वैदिक संस्कृतात. जर्मनमध्ये वडील 'फाटर', आई 'मुटर', पण भाऊ 'ब्रूडर'. पहिल्या दोघांत 'ट', तिसऱ्यात 'ड'. पिता, माता, भ्राता या तिघांतही 'त'च आहे, मग जर्मनमध्ये भावाचं वेगळं का? वेदांमध्ये स्वर पाहा: पिता आणि माता यांचा उदात्त, म्हणजे उंच स्वरातला आघात, शेवटच्या अक्षरावर आहे, भ्राता या शब्दाचा पहिल्या अक्षरावर. उदात्त जिथे व्यंजनाच्या लगेच आधी होता तिथे ग्रिमचा नियम सरळ लागला; इतरत्र, शब्दाच्या मध्यावर, व्यंजन मऊ पडलं. (नंतर जर्मनमध्ये या मऊ 'द'चा 'ट' झाला आणि 'थ'चा 'ड', म्हणून आज 'फाटर' पण 'ब्रूडर'.) जर्मॅनिक भाषांमधून तो जुना आघात केव्हाच नाहीसा झाला होता. त्याची खूण तेवढी व्यंजनांत उरली, आणि ती वाचता आली वेदपाठाच्या परंपरेने स्वर जपले म्हणून. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ ती तीन नावं पुटपुटत होते.

चौथी पायरी: वस्तू कुठून आली ते विचारा

आईबाप, आकडे, शरीराचे अवयव, असणं-देणं-खाणं हे शब्द भाषा सहसा घरचेच ठेवते. खाण्याच्या नव्या वस्तू, कापड, यंत्रं, हुद्दे यांचे शब्द मालाबरोबर प्रवास करतात. म्हणून असा शब्द आला की ध्वनिनियमापेक्षा आधी व्यापाराचा नकाशा पाहा.

साखरेचं उदाहरण घ्या. संस्कृत शर्करा फारसी आणि अरबीतून पश्चिमेला गेली, अरबीत 'सुक्कर'. इटालियनने 'त्सुक्केरो' केलं, फ्रेंचने 'स्युक्र', जर्मनने 'त्सुकर'. स्पॅनिशमध्ये मात्र 'आसुकार', पोर्तुगीजमध्ये 'असूकर'. पुढचा 'आ' कुठून आला? ते अरबी उपपद आहे, 'अल्', पुढच्या 'स'मध्ये मिसळून गेलेलं. स्पेन-पोर्तुगालमध्ये अरबी बोलणारी माणसं शतकानुशतकं राहत होती, त्यामुळे तिथे पुष्कळ शब्द उपपदासकट उचलले गेले. कापसाचंही तसंच: स्पॅनिश 'आल्गोदोन', इटालियन 'कोतोने'. शब्दाच्या डोक्यावर असा 'आ' किंवा 'आल्' दिसला की अरबी वाट तपासायची.

रशियन शब्द ऐकून आपण दचकतो, कारण तो जवळजवळ 'साखर'च आहे. पण तो मराठीतून गेलेला नाही. प्राकृत 'सक्खरा'वरून ग्रीक 'साक्खारोन' झालं आणि ग्रीकमधून तो उत्तरेला पोचला. आपली साखरही शर्करेवरून प्राकृतातूनच आली. एक धागा दोन दिशांना गेला, दोन्ही टोकांना जवळपास तेच रूप.

याउलट पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेला 'पाव' पाहा: त्यांचा 'पाउं', स्पॅनिश 'पान', इटालियन 'पाने', फ्रेंच 'पॅं', सगळे लॅटिन 'पानिस'चे. फ्रेंच शब्दाचं स्पेलिंग इंग्रजीतल्या 'पेन', म्हणजे वेदना, या शब्दासारखंच हुबेहूब आहे. पण इंग्रजी शब्द लॅटिन 'पोएना'वरून, म्हणजे दंड, शिक्षा यावरून आला. लिलाव, बिजागरी हे शब्दही पोर्तुगीजमधूनच आले. अननस आणि काजू पोर्तुगीज जहाजांतून आले तरी शब्द मूळचे ब्राझीलच्या तुपी भाषेचे. कुठल्या हातातून आला आणि कुठल्या घरचा होता, या दोन गोष्टी वहीत वेगळ्या रकान्यांत लिहा.

पाचवी पायरी: अर्थ कुठे वळला ते शोधा

नातं पक्कं झालं की मगच अर्थाकडे या. आता खरी गोष्ट सुरू होते.

इंग्रजी 'गिफ्ट' म्हणजे भेट. जर्मन 'गिफ्ट' म्हणजे विष. जर्मनीत बाटलीवर हा शब्द दिसला तर हात लावू नका. तरी दोन्ही शब्द सख्खे, दोन्ही 'देणं' या क्रियापदाचे. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ देणगीच होता. ग्रीक वैद्यकात 'दोसिस' म्हणजे 'दिलेलं', औषधाची मात्रा. आपण म्हणतो तो 'डोस' हाच. त्याच्या छायेत जर्मन 'गिफ्ट'लाही 'दिलेली मात्रा' असा अर्थ चिकटला, आणि विषाला उघड विष म्हणण्यापेक्षा 'दिलेलं' म्हणणं लोकांना बरं वाटलं. जुना अर्थ एका कोपऱ्यात अजून जिवंत आहे: 'मिटगिफ्ट' म्हणजे मुलीबरोबर दिलेला हुंडा. (आणि 'डोस'मधला 'दो' म्हणजे आपल्या 'दान'मधला 'दा'.)

स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये 'गिफ्ट'चे दोन अर्थ आहेत: विष, आणि लग्न झालेला किंवा झालेली. शिकवणीत हे सांगितलं की वर्ग हसतो, पण मराठी माणसाने जरा थांबून ऐकावं. आपल्याकडे अजून विचारतात, "थोरली कुठे दिली?" "तिला सांगलीला दिली." कन्यादान शब्द तर समोरच आहे. स्कँडिनेव्हियातही विवाहित म्हणजे 'दिलेली' हाच मूळ अर्थ होता, पुढे तो पुरुषालाही लागू झाला.

दुसरं उदाहरण पाण्याचं. जर्मनमध्ये 'मेर' म्हणजे समुद्र, आणि पुल्लिंगी 'झे' म्हणजे तळं. डचमध्ये बरोबर उलटं: 'झे' म्हणजे समुद्र, 'मेर' म्हणजे तळं. (जर्मनमध्ये स्त्रीलिंगी 'झे' मात्र समुद्रच, म्हणून नॉर्डझे हा समुद्र आणि बोडनझे हे सरोवर. लिंग पाठ करायचा कंटाळा करू नका.) नेदरलँड्समध्ये 'दक्षिणेचा समुद्र' अशा अर्थाच्या नावाचा समुद्राचा एक फाटा होता, नावाच्या शेवटी 'झे'. १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून तो समुद्रापासून तोडला, हळूहळू पाणी गोडं झालं, आणि नाव बदलून 'आयसेलमेर' ठेवलं. एका बांधामुळे 'झे'चं 'मेर' झालं. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ 'साचलेलं मोठं पाणी' इतकाच ढोबळ मानला तर कुठल्या किनाऱ्यावर कुठलं पाणी समोर होतं त्यावर पुढचं ठरलं, हे सहज पटतं.

सहावी पायरी: योगायोग मान्य करा

स्पॅनिश 'दिया' आणि इंग्रजी 'डे', दोन्ही दिवस. नातं नाही. 'दिया' आपल्या 'दिवस'च्या घरचा. 'द'चा इंग्रजीत 'ट' व्हायला हवा होता. तो झालेला दिसतो तो मंगळवारात: 'ट्यूज्डे'मधला 'ट्यू' हा जुना देव, आणि तो 'देव' या शब्दाचाच नातलग. स्पॅनिश 'मुचो' आणि इंग्रजी 'मच', दोन्ही पुष्कळ. पहिला लॅटिन 'मुल्तुम'वरून, दुसरा 'महा'च्या कुळातला. ग्रीक 'थेओस' आणि लॅटिन 'देउस', दोन्ही देव, आणि तरीही परके. भाषेत ध्वनी मोजकेच असतात आणि शब्द हजारो. काही जोड्या आपोआप जुळणारच.

स्पेलिंगवरही विसंबू नका. इंग्रजी 'आयलंड'मध्ये जो 'एस' लिहितात पण उच्चारत नाहीत, तो लॅटिनमधून आलेला नाही. जर्मॅनिक शब्दात तो नंतर घुसवला गेला, फ्रेंचमार्गे आलेल्या 'आइल' या शब्दाकडे पाहून.

कोश कसा उघडायचा

जर्मनसाठी डीडब्ल्यूडीएस हा कोश आणि स्पॅनिशसाठी तिथल्या रॉयल अकादमीचा कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत आणि व्युत्पत्ती देतात. विक्शनरी सुरुवातीला सोयीची, पण तिथलं दुसऱ्या कोशात पडताळून घ्या. मराठी बाजूसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश हाताशी ठेवा. नोंद वाचताना दोन गोष्टींवर बोट ठेवा. रूपाच्या आधी ताऱ्याची खूण (*) असेल तर ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेवरून बांधलेलं आहे. आणि 'पासून' व 'तुलना करा' यांत फरक आहे: पहिला पूर्वज सांगतो, दुसरा चुलत भाऊ.

पहिला सराव

आकड्यांपासून सुरू करा. १५८० च्या दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोची-गोव्याकडे राहत होता. संस्कृत आणि त्याच्या इटालियनमधलं साम्य त्याने पत्रांत लिहून कळवलं: देव आणि 'दिओ', सर्प आणि 'सेर्पे', सप्त-अष्ट-नव आणि 'सेत्ते', 'ओत्तो', 'नोवे'. त्याच सुमारास, १५८३ मध्ये, गोव्यातून थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी भावाला लिहिलं की इथल्या भाषांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे. पुढे त्यांनीच मराठीत ओव्या रचल्या.

पान आडवं धरा. सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. लॅटिन 'सेप्तेम', इटालियन 'सेत्ते'. अष्ट, अट्ठ, आठ. लॅटिन 'ओक्तो', इटालियन 'ओत्तो'. सत्त आणि 'सेत्ते' इतके जवळ का, याचं उत्तर आधी स्वतः लिहा: 'प्त'चा 'त्त' दोन्हीकडे आपापल्या परीने झाला, एकमेकांना न विचारता. मग खाली जर्मन 'झीबेन' लिहा. त्यात 'त' गळला आहे, पण 'प'च्या जागी 'फ' न येता 'ब' आला आहे. वेदात 'सप्त'चा उदात्त कुठल्या अक्षरावर आहे ते शोधा, आणि तिसऱ्या पायरीतल्या 'फाटर'शेजारी ते टिपून ठेवा.